सुभेदारांचं डिकाशन

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंगल्याचं गॅरेज होतं. त्यात कित्येक वर्षं एक बंद पडलेली जीप उभी असायची. एके दिवशी जीप गेली, भिंतींना पांढरा रंग लागला, सहा टेबलं आली आणि त्या घरची मुलगी बंगळुरूच्या एका कॉफीशॉपमधली नोकरी सोडून तिथे कॉफीचं दुकान चालवायला लागली. फक्त कॉफीचं. चहा नाही, वडापाव नाही, कोल्ड्रिंक नाही. गल्लीतल्या जाणकारांनी दुकानाला चार महिने दिले. आमच्याकडे डोकं दुखलं किंवा पुण्याचे पाहुणे आले तरच कॉफी होते, असा सगळ्यांचा हिशेब.

मी तिथे जायला लागले ती कॉफीसाठी नाहीच. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम, आणि ते मी घरून करते. घरून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, हे बिल्डिंगीत सर्वमान्य होतं. सगळ्यांची कुरिअरं माझ्याकडे, सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, गॅस सिलिंडर आला की हाक मला. एकदा चौथीच्या भूगोलात कृष्णा नदी भलत्याच जिल्ह्यातून वाहत गेली आणि माझ्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी कागद उचलले आणि त्या गॅरेजात जाऊन बसले.

तिथे रोज येणारे आणखी दोघं होते. एक मिरजेचे चाचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवतात. लेक विश्रामबागेत कॉलेजला होती, तिला सोडायचं आणि ती सुटेपर्यंत इथे थांबायचं, असा त्यांचा क्रम. चाचांचा कान भयंकर तिखट. मशीनमधून दुधात वाफ सुटली की ते मान वर करायचे. "आज सूर उतरलाय जरा," म्हणायचे. मालकीण हसायची, पण बघायची तर खरंच वाफेच्या नळीत दूध अडकलेलं असायचं.

दुसरे सुभेदार. औंधाकडच्या खेड्यातून मुलाकडे राहायला आलेले, सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशा दोन्हीकडे वर वळवलेल्या. ते मिलिटरीतून रिटायर झालेत एवढं कळल्यावर आम्ही परस्पर त्यांना सुभेदार करून टाकलं. ते रोज अकराच्या सुमाराला यायचे, काउंटरसमोर उभे राहायचे आणि विचारायचे,

"पोरी, चहा मिळंल का गं?"

"चहा नाही काका. कॉफी आहे."

"मग ऱ्हाऊ दे. पानी दे."

पाणी घेऊन दाराजवळच्या टेबलाशी बसायचे, दीडपर्यंत पेपर वाचायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. हे सात-आठ महिने चाललं होतं. मालकिणीने त्यांना कधी "काही घ्यायचं नसेल तर" म्हटलं नाही, आणि त्यांनी प्रश्न विचारायचा सोडला नाही. एकदा मीच तिला म्हटलं, "अगं, करून दे की एक दिवस चहा." ती म्हणाली, "ताई, एकाला दिला की गल्ली चहाच मागेल. चहाच करायचा तर बंगळुरूला चार वर्षं काय घासली मी?"

त्या डिसेंबरात एका शनिवारी दुपारी बारा वाजता दुकानात बघण्याचा कार्यक्रम ठरला होता. मुलगी साताऱ्याची, मुलगा सांगलीचा. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर येणार नाही, भेटायचं तर बाहेर भेटू, असं मुलीने घरी बजावलं होतं म्हणे. दोन्हीकडची मिळून अकरा माणसं यायची होती. मालकीण सकाळपासून टेबलं जोडत होती.

अकराला, सुभेदार येऊन बसले तेवढ्यात तिला फोन आला. कोल्हापूरच्या बहिणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, मेहुणा परगावी, घरी एकटी सासू. मालकिणीने हातातला कप तसाच काउंटरवर ठेवला.

"पाहुण्यांना नको म्हणून कळवते," ती म्हणाली आणि फोन लावला. सातारकर मंडळी कराड सोडून पुढे आली होती.

चाचा उठले. "बेटा, तू जा. आम्ही आहोत ना."

आमच्या तिघांकडे बघून तिच्या तोंडावर जे उमटलं त्याला विश्वास नक्कीच म्हणता येणार नाही. पण दुसरा इलाज नव्हता. दहा मिनिटांत तिने आम्हाला सगळं दाखवलं. दूध चाचांकडे, कारण ते आवाजावरून बरोबर ओळखतील. कॉफी दळणं आणि मशीन माझ्याकडे. सुभेदारांनी दारात उभं राहून पाहुण्यांना बसवायचं. एवढं सांगून ती स्कूटर काढून गेलीसुद्धा.

आम्ही सराव सुरू केला. चाचांचं दूध पहिल्याच खेपेला जमलं. डोळे मिटून, एक बोट हवेत धरून ते वाफेचा आवाज ऐकत होते. "आता चढतोय... चढतोय... बस!" दूध अगदी मऊ, सायीसारखं. माझं मात्र भलतंच झालं. दळायच्या यंत्राचं बटण किती वेळ दाबायचं हे मी विसरले आणि अख्खा डबा दळून मोकळी झाले. पहिल्या कपात कॉफीपेक्षा चोथा जास्त. दुसरा कप बरा होता, पण तो मी टेबलापर्यंत नेताना सांडला. सुभेदार दारातून सगळं बघत होते. नुसती मिशी हलत होती.

आणि बाराला वीस मिनिटं असताना लाईट गेली.

इन्व्हर्टरवर पंखे फिरत होते, पण मशीन त्यावर चालत नव्हतं. तक्रारीचा फोन लावला तर दोन तास लागतील असं उत्तर मिळालं. मी चाचांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

चाचा हळूच म्हणाले, "चहा टाकायचा का? मागे शेगडी आहे."

"हिच्या दुकानात? ती आपल्याशी आयुष्यभर बोलायची नाही."

सुभेदारांनी पेपरची नीट घडी घातली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ते काउंटरच्या आत आले.

"सरका जरा," म्हणाले. "मोठं पातेलं कुठं हाय?"

साखरेचा पाक करायला मालकिणीने एक गॅसची शेगडी ठेवली होती. सुभेदारांनी त्यावर पाणी चढवलं. उकळी फुटल्यावर पातेलं खाली उतरवलं, मी दळून ठेवलेली कॉफी मुठी-मुठीने आत सोडली, एकदाच ढवळलं आणि वर ताट झाकलं. मग माझ्याकडे वळले.

"ताई, ओढनी द्या."

"ही?" माझी पांढरी मलमलची ओढणी होती. तिसऱ्यांदाच घातलेली.

"धुतलेली हाय न्हवं?"

"धुतलेली आहे, पण..."

"मग पन काय? टाइम न्हाई."

त्यांनी ती कढत पाण्यातून काढली, पिळली, दुसऱ्या पातेल्याच्या तोंडाला बांधली आणि वरून कॉफी ओतली. माझी ओढणी बघता बघता तपकिरी झाली. खाली दाट, काळं, चकाकणारं पाणी जमलं. "हे डिकाशन," ते म्हणाले. दूध तापवलं, साखर घातली, आणि एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून अशी धार धरली की एक थेंब बाहेर गेला नाही. चाचांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. गॅरेजभर असा वास सुटला की रस्त्यावरून जाणारा भाजीवाला गाडी थांबवून आत डोकावला.

पाहुणे आले. सुभेदार आता काउंटर सोडायला तयार नव्हते, म्हणून बसवायला आणि द्यायला मी. सगळे कसे अवघडून बसले होते. मुलाच्या मामांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"चहा नाही का हो?"

मी तोंड उघडायच्या आत काउंटरवरून आवाज आला, "न्हाई! हितं फकस्त कॉफी मिळती."

मला हसू आवरेना, म्हणून मी मागे जाऊन उगाच कप विसळत बसले. चाचा तोंडावर रुमाल धरून उभे होते.

पण मामा कॉफी प्याले आणि त्यांनी दुसरी मागितली. मग सगळ्यांनीच मागितली. मुलगा-मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती, तीही थोड्या वेळाने रिकामे कप घेऊन काउंटरशी आली आणि धार बघत उभी राहिली. मुलीच्या आत्याने विचारलं, "कुठल्या कंपनीची हो कॉफी?"

"कंपनी न्हाई," सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "ओढनी हाय."

ते लग्न काही जमलं नाही. दोघांनीही नको म्हटलं, आणि दोघांच्याही घरच्यांना कारण कळलं नाही. मुलगा मात्र अजून रविवारी कॉफीला येतो.

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं थकून बसलो. मी विचारलं, "सुभेदार, हे कुठे शिकलात?"

"मी कसला सुभेदार!" ते म्हणाले. "तुमीच म्हनायला लागला, मी म्हटलं म्हनू द्या, बरं वाटतंय. फौजेच्या लंगरात, म्हंजे भटारखान्यात, कुक हुतो मी. आमच्या युनिटात निम्मी पोरं तिकडं खालची, तमिळ, मल्याळी. त्यांना पाटंच्या कॉफीबिगर उटवायचं म्हंजे लय अवघड काम. बावीस वर्सं पिंपानं कॉफी केली. आता तोंडात घेतली तर पोट ढवळतंय."

"आणि तरी रोज कॉफीच्या दुकानात येता?" चाचा म्हणाले.

"वास चालतोय की. पियाला कोन सांगतंय?"

मालकीण तिसऱ्या दिवशी बर्फीचा डबा घेऊन परतली. भाची झाली होती, बहीण सुखरूप होती. आल्या आल्या दोन गिऱ्हाइकांनी तिच्याकडे "ती परवाची ओढणीची कॉफी" मागितली. तिचा चेहरा उतरला. चार वर्षं घासून शिकलेलं काम, बापाकडून हट्टाने मिळवलेली जागा, आणि लोकांना हवं होतं पातेल्यातलं. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सुभेदारांना म्हणाली, "मला करून दाखवा."

त्यांनी केली. तिने एक घोट घेतला.

"साखर जास्त आहे."

"हाय."

दुसरा घोट तिने जरा थांबून घेतला. मग सगळा कप संपवून खाली ठेवला.

"दर गुरुवारी याल का करायला?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "चहा मिळंल का?"

"नाही."

"मग येतो," ते म्हणाले.

गुरुवार असे सुरू झाले. तिने त्यांच्यासाठी खास कापड शिवून घेतलं आणि मला नवी ओढणी आणून दिली, जी मी त्या दुकानात कधीच घालून जात नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी एक तरुण बाई दारात येऊन उभी राहिली. गळ्यात हेडफोन, पायात घरातल्या सपाता. काउंटरकडे बघून म्हणाली, "बाबा?"

सुभेदारांच्या हातातली धार पहिल्यांदाच हलली. ती त्यांची सून. ते रोज गणपतीच्या देवळात जातात असं तिला माहीत होतं; दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली म्हणून ती त्यांना शोधत निघाली आणि भाजीवाल्याने तिला इकडे पाठवलं.

"घरात ह्यांनी कधी हाताने पाणीसुद्धा घेतलं नाही," ती आम्हाला सांगत होती. राग होता की हसू, ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू घरातनं काम करतीस," ते खाली बघत म्हणाले. "हॉल म्हंजे तुजं हापिस. मी खोकलो तरी अमेरिकेत ऐकू जातंय. म्हटलं, आपन भाईर असल्यालं बरं."

ती खुर्ची ओढून बसली. "एक द्या मला," म्हणाली. त्यांनी दिली. ती प्याली, आणि डोळे पुसत म्हणाली, "साखर लय आहे हो बाबा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कामाचा कॉल, घरी पोचायला वेळ नव्हता. तिने तिथेच हेडफोन चढवला. सुभेदार काउंटरबाहेर आले आणि हात वर करून सगळ्या दुकानाला खर्जात म्हणाले, "गप बसा रं. अमेरिका हाय." चाचांनी वाफ बंद करायला लावली, मी पेन खाली ठेवलं, आणि अर्धा तास त्या गॅरेजात कुणी चमचासुद्धा वाजवला नाही.