विहिरीला खेटून लावलेली निलगिरी

त्यांना सगळे ‘सायरन’ म्हणायचे. आयुष्यभर हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवली आणि निवृत्त झाल्यावरही चालणं, बोलणं, जेवणं सगळं तसंच, कुणाचा तरी जीव धोक्यात असल्यासारखं. घरात त्यांना बसवत नसे. बसले तरी उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचे.

अंगण उघडंबोडकं होतं. स्वयंपाकघराच्या दारासमोर विहीर, तिच्यावर दुपारभर ऊन. इथे सावली पाहिजे, असं एका सकाळी त्यांच्या मनानं घेतलं आणि संध्याकाळच्या आत निलगिरीचं रोप कठड्याला खेटून लावूनही झालं.

“अहो, जरा लांब लावा की. मुळं पाण्याकडेच जाणार,” बायको म्हणाली. ती त्याच हॉस्पिटलात नर्स होती.

“जाऊ देत. भराभर वाढते म्हणून तर आणली.”

वाढली भराभर. काही वर्षांत छपराच्या वर गेली. मग एकदा बादलीत पाण्याबरोबर केसांसारखे तांबूस तंतू आले. पाण्याला कुबट वास येत होता. सायरननी आत बॅटरी मारली. विहिरीच्या दोन सिमेंटच्या कड्यांमधून मनगटाएवढं मूळ आत घुसलं होतं आणि वरचं कडं तडकलं होतं.

त्यांनी लगेच कुऱ्हाड काढली. बायको आडवी आली.

“पाडाल, पण पडेल कुठे? विहिरीवरच ना?”

कुऱ्हाड ठेवली, तर दुपारी झाड मारायचं औषध घेऊन आले. बुंध्यात भोकं पाडून ओतलं की विषय संपला.

“आणि ते मुळातून उतरणार कुठे?” तिनं बाटली काढून घेतली. “तुमच्या पेल्यात.”

ते पायरीवर बसले. “मग करू तरी काय?”

“लवकर होईल असं काही नाही, एवढं आधी मान्य करा.”

झाडं तोडणाऱ्या माणसानं एकेक फांदी, मग खोडाचा एकेक तुकडा दोरानं बांधून वरून खाली उतरवला. बुडखा तेवढा जमिनीत ठेवला, कारण उपटला असता तर कडंही ओढलं गेलं असतं. गवंड्यानं आत उतरून मूळ छाटलं, फट बुजवली. मग विहीर उपसून, जंतू मारायचं औषध टाकून, पाणी तपासायला दिलं. तोवर शेजारच्या वहिनींकडून पाणी आणायचं काम सायरनकडे. घाईत अर्धी बादली वाटेवरच सांडायची.

बुडख्याला मात्र सारखे कोंब फुटत होते. ते छाटत राहणं, एवढाच उपाय. चहाच्या आधी ते जाऊन बघायचे. काल छाटलेल्या जागी पुन्हा हिरवं. जीव नुसता वर-खाली व्हायचा. पेशंटला दारात उतरवलं की त्यांचं काम संपायचं. पुढचे दिवस वॉर्डात बायको काढायची. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“तू कसं गं निभावलंस इतकी वर्षं?”

“रोजचं रोज,” ती म्हणाली.

पाणी चांगलं असल्याचा निरोप आला. पुढे कधीतरी कोंबही थांबले. विहिरीभोवती त्यांनी फक्त गवत राहू दिलं. खत नाही, फवारणी नाही. नवं झाड आणण्याआधी ते केवढं पसरतं हे विचारून आले आणि उताराच्या बाजूला, पार कुंपणाजवळ, आंबा लावला.

आंबा काही वाढेना. एका सकाळी सायरन बोटानं माती उकरून मुळं बघताना सापडले.

“अहो, झोपू द्या त्याला.”

त्यांनी माती सारखी केली, हात धुतले आणि फिरायला निघाले. फाटकापाशी थांबून एकदा मागे बघितलंच.