बिरजूच्या रजेचा अर्ज

टीव्हीवर तोंड दिसणाऱ्या माणसाच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून घरी येतात. कधी दुधाच्या रांगेत, कधी जिन्यात, कधी इनलँड लेटरमधून. आमच्या नेनेकाकांचे इतके साठलेत की एक सांगायला घेतला की पाठोपाठ दुसरा हजर.

आधी काका कोण ते सांगते. एकतीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात फायली हलवल्या, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि यमुनेपलीकडे आमच्या सोसायटीत राहायला आले. गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायचे, तेवढाच काय तो अभिनय. सहा महिन्यांत नोएडातल्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. हिंदी मालिका होती, 'अंतरिक्ष विभाग'. एक भलंमोठं यान आकाशगंगा ओलांडून चाललंय आणि आत काय, तर सरकारी ऑफिस! फायली हवेत तरंगतायत, परग्रहावरचे तीन डोळ्यांचे लोक अर्ज घेऊन खिडकीशी उभे आहेत, आणि यानाचे प्रमुख म्हणजे बडे बाबू. तेच आमचे काका. ऑडिशनला त्यांना काही करावंच लागलं नाही म्हणे. टेबलामागे बसले, चष्म्यावरून बघितलं, झालं काम.

यानात बिरजू नावाचा एक मेकॅनिक होता. दर भागात तो आईला भेटायला पृथ्वीवर जायची रजा मागायचा, आणि दर भागात बडे बाबू नवीन खोट काढून अर्ज परत करायचे. एकदा तर अर्जावर पृथ्वीचा पिनकोड नाही म्हणून. मग शिक्का मारायचा आणि म्हणायचं, "छुट्टी नामंज़ूर." तेवढ्या वाक्यासाठी लोक टीव्हीसमोर बसायचे.

मी पडले स्टेनो. त्यामुळे काकांना आलेल्या पत्रांची उत्तरं टाइप करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

*

पहिलंच पत्र एका निवृत्त अंडर सेक्रेटरींचं होतं. वर तारीख, खाली विषय, सगळं रीतसर. मजकूर असा, की तिसऱ्या भागात बडे बाबूंनी हिरव्या शाईत सही केली आहे, त्यांच्या ग्रेडच्या माणसाला हिरवी शाई वापरता येत नाही, तरी खुलासा व्हावा. तीन डोळ्यांच्या माणसांबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सुधा, त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "सेटवरच्या माणसाने जो पेन हातात दिला, त्यानेच मी सही केली. बघायला हवं होतं."

तीन परिच्छेदांचा खुलासा टाइप करून घेतला. पुढच्या शूटिंगला घरून निळा पेन नेला, आणि मालिका चालली तोवर तोच वापरला.

*

सरकारी दवाखान्यात ब्लड प्रेशरच्या गोळ्या घ्यायला काका महिन्यातून एकदा जायचे. मालिका गाजायला लागली तसं काकूंना वाटलं, आता ह्यांना कोणीतरी पुढे घेईल. घेतलंही. रांगेतल्या एका सरदारजींनी काकांना ओळखलं, हात धरून थेट खिडकीपर्यंत नेलं. काका बिचारे "अरे, रहने दीजिए" म्हणत मागे ओढतायत.

खिडकीतल्या बाईंनी त्यांची चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट बघितली, चष्म्यावरून काकांकडे बघितलं. म्हणाल्या, "बड़े बाबू, बिरजू को कितने एपिसोड से खड़ा रखा है आपने? जाइए, सबसे पीछे."

अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या. काका शेवटी जाऊन उभे राहिले. सरदारजीही सोबत म्हणून मागे गेले.

*

दरवर्षी संक्रांतीला आमचं मंडळ बस करून पानिपतला जातं, काला अंबच्या युद्धस्मारकाला. तिथे फुलं वाहायची, दोन शब्द बोलायचे, तिळगूळ वाटायचा. त्या वर्षी बसमध्ये सगळे काकांच्या मागे लागले होते, बडे बाबू करून दाखवा म्हणून. काकांनी निक्षून सांगितलं, "तिथे नको. ती जागा त्याची नव्हे."

पण फुलं वाहून झाल्यावर कोल्हापूरकडून आलेले एक म्हातारे गृहस्थ काकांजवळ आले. त्यांनी स्मारकाला पुन्हा हात जोडले. मग गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आपली माणसं इथं उपाशीपोटी लढली. तुमचं ते यान तेव्हा असतं, तर दाणागोटा पोचला असता का हो?"

काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मागणीपत्र तीन प्रतींत आलं असतं, तर पोचला असता."

बोलले आणि स्वतःच ओशाळले. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "तसंच काहीतरी झालं असणार बघा."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. कोणी नक्कल करायला सांगितलं नाही.

*

दुसऱ्या मजल्यावरचे शेखसाहेब सोलापूरचे. तेही केंद्र सरकारातच. मालिकेचे इतके भक्त की त्या वेळी घरी आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा भाग संपल्यावर मिळायचं. एक दिवस ते काकांकडे ऑफिसातली एक गोष्ट सांगायला आले.

ईदला जोडून चार दिवस रजा मागितली होती. त्यांच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा नाकावर ओढला आणि साऱ्या सेक्शनसमोर म्हणाले, "छुट्टी नामंज़ूर." सेक्शन हसून फुटला. मग साहेबांनी हसत हसत सही केली.

"म्हणजे मिळाली ना रजा?" काकांनी विचारलं.

"मिळाली की. बिल्कुल मिळाली," शेखसाहेब म्हणाले. "पण काका, आई आजारी आहे असं लिहिलं होतं मी त्यात. ते वाचून झाल्यावर हसले सगळे."

 दुसऱ्या दिवशी काका पत्रांची उत्तरं सांगायला बसले आणि मधेच थांबून मला म्हणाले, "सुधा, इतके दिवस मला वाटत होतं, लोक बडे बाबूला हसतायत."  खरं सांगते, मीही बिरजूलाच हसत होते.

*

आणि मग हौसाबाई आल्या. सातारा जिल्ह्यातल्या, सुनेजवळ कॅन्टोन्मेंटमध्ये राहायच्या. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत, सुनेला घेऊन काकांच्या दाराशी. मुलगा फौजेत, वर बर्फातल्या चौकीवर. दोनदा रजा मिळाली, दोनदा बर्फाने रस्ता बंद झाला. तिसऱ्यांदा चौकीवरच्या जोडीदाराचं लग्न होतं म्हणून त्याने आपली रजेची पाळी त्याला दिली. त्याला घरी येऊन दीड वर्ष झालं होतं.

"त्या बिरजूला येकदा घरी सोडा," हौसाबाई म्हणाल्या. "त्याची आई वाट बघत आसंल."

काकूंनी हळूच समजावलं, "आजी, ते खोटं असतं हो. नाटक असतं."

"ठावं हाय की मला. खोटं हाय म्हनून तर तुमच्याकडं आले. खऱ्याचं कुनाकडं मागू?"

सून खाली मान घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी काका डायरेक्टरकडे गेले, बिरजूला एकदा रजा देऊ या म्हणाले.

डायरेक्टर पंजाबी तरुण होता, काकांना मान द्यायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नेने साहब, उसे छुट्टी मिल गई तो सीरियल में बचेगा क्या? और आप क्या करेंगे?" त्याचं चूक नव्हतं. एकतीस वर्षं ज्याला शेजारचा सेक्शन ओळखत नव्हता, त्या माणसाला आता भाजीवाला हाक मारत होता. ते सगळं त्या एका शिक्क्यावर उभं होतं, आणि काकांना ते आवडत होतं. का नाही आवडणार?

पुढच्या शूटिंगला मी सोबत गेले होते. बिरजूने अर्ज ठेवला. काकांनी तो वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "इसमें कोई कमी नहीं है," आणि खाली 'मंज़ूर' लिहून सही केली.

डायरेक्टरने थांबवलं. पुन्हा घेतलं. काकांनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा तो चिडून टेबलाशी आला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "इकतीस साल में मैंने कोई सही अर्जी नहीं लौटाई. यह अर्जी सही है, आप देख लीजिए."

बिरजूचं काम करणारा नट कागद हातात धरून उभा होता, पुढचं वाक्य विसरून. शेवटी तो प्रवेश तसाच गेला.

पत्रांचा पाऊस पडला, आणि बहुतेक पत्रं रागाची. "बड़े बाबू, आपसे यह उम्मीद नहीं थी." बिरजू चार आठवडे पडद्यावर नव्हता. काकांचे प्रवेश कमी होत होत दोन मिनिटांवर आले. भाजीवाल्याने हाक मारणं सोडलं.

महिन्याने हौसाबाई पुन्हा आल्या, डब्यात कापण्या घेऊन. काकांनी दारातच विचारलं, "मुलगा आला का हो?"

"न्हाई. त्यो कुठला यायला." पदराने कपाळ पुसत त्या खुर्चीवर टेकल्या. "मी त्या बिरजूचं सांगायला आले. महिना झाला. आता बोलवा त्याला माघारी."

काका म्हणाले, "अहो, राहू दे की अजून थोडे दिवस आईजवळ."

"नगं," हौसाबाई म्हणाल्या. "जास्ती राहिला, तर आईची दाराकडं बघायची सवय मोडती. मग ती परत लावायला लई जड जातं."