कागदावर नसलेला शब्द

इतिहास शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही. मुलं प्रश्न विचारतात, बाईला उत्तर सुचत नाही, झाला किस्सा तयार!

दर शुक्रवारी इथे आखातात, दार्सैतच्या आमच्या हॉलमध्ये पाच मुलं येतात. पुढे अमेरिकेत शिकायचं, म्हणून तिथल्या इतिहासाची परीक्षा. त्यात माझी सईही आहे. बाकीच्या चौघांना घेऊन येतो दिगंबर. मूळचा कुडाळचा, माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या ऑफिसचा ड्रायव्हर. बाहेर ऊन मी म्हणत असतं, म्हणून तोही आत दाराशी खुर्ची घेऊन बसतो.

*

एकदा मी मुलांना अमेरिकेची घटना लिहायला बसवलं. प्रत्येकजण एका राज्याचा प्रतिनिधी. पाच गुलाम म्हणजे मोजणीत तीन माणसं धरायची, म्हणजे मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा! भांडणं रंगात आली.

अथर्वने हात वर केला. "मिस, गुलामांच्या साइडने कोण बोलणार?"

"कोणीच नाही. त्यांना बोलावलंच नव्हतं."

"बोलावलं नाही, मग मोजलं कशाला?"

*

बाहेरून गुलाम आणायला वीस वर्षं बंदी घालायची नाही, असंही त्या घटनेत ठरलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे विषय पुढे ढकलला."

सई म्हणाली, "आई, हे तर बाबाचं 'बघू' आहे!"

सगळे हसले. दिगंबर हसला नाही. तिकडे कुडाळला त्याची आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती. तो सुट्टी मागायचा आणि संजय म्हणायचा, "बघू, दुसरा ड्रायव्हर मिळू दे."

दिगंबरचा पासपोर्ट, बाकीच्या कामगारांच्या पासपोर्टांसोबत गठ्ठ्यात बांधून, संजयच्या ऑफिसच्या कपाटात होता. नोकरीला लागताना त्याने एका इंग्रजी फॉर्मवर सही केली होती. त्यात लिहिलं होतं, 'सुरक्षित ठेवण्यासाठी स्वखुशीने देत आहे.'

*

मग मी पैज लावली. मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द शोधेल त्याला शवर्मा!

अर्धा तास गेला. सई वैतागली. "धिस इज चीटिंग, आई! शब्दच नाहीये. 'इतर व्यक्ती' लिहिलंय. 'कामाला बांधलेली व्यक्ती' लिहिलंय."

"लिहायची लाज वाटली असेल."

"मग करायची नाही वाटली?"

शवर्मा सगळ्यांनाच दिला.

*

त्याच दिवशी पुढचं कलम वाचलं. बांधलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळाली, तर तिला मालकाच्या ताब्यात परत द्यायचं.

दाराकडून आवाज आला. "वैनी, एक इचारू? तो माणूस फकत आवशीक बघूक घराकडे गेलो, तरी तेका धरून हाडूचो?"

आईला बघायला गेला तरी धरून आणायचा का, याचं उत्तर 'हो' असं होतं. किचनमध्ये संजय चहा करत होता. त्याने गॅस बंद केला आणि तो तिथेच उभा राहिला.

*

पुढच्या शुक्रवारी संजयने दिगंबरच्या हातात त्याचा पासपोर्ट आणि गोव्याचं तिकीट ठेवलं. मला फार बरं वाटलं, आणि लाजही वाटली. कपाटातला पासपोर्टांचा तो गठ्ठा मी कितीदा तरी बघितला होता.

दिगंबरने पासपोर्ट उघडला, स्वतःचा फोटो बघितला, खिशात ठेवला. मग पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि सईचं पेन उचललं.

"साहेब, ह्या वेळेक सही खंय करूची?"