मला नाल्यापलीकडेच थांबवलं

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला होस्टेलवर राहून शिकत होते. दिवाळीच्या सुट्टीत आधी अल्लीपूरकडे मामांच्या गावी गेले आणि तिथं जनावरांना तोंडखुरी लागली. तोंडात फोड, लाळेच्या तारा, खुरांत जखमा. मामांच्या गायीला मी हातानं पेज पाजली. मग एसटीनं समुद्रपूरच्या बाजूला आमच्या गावी निघाले.

आमचं गाव तोवर वाचलं होतं. ढोरांच्या डॉक्टरांनी कोतवालाकडून दवंडी पिटवली होती. बाहेरून येणाऱ्यानं पाय धुतल्याशिवाय गावात शिरू नये, दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नये, बाहेरचं जनावर नदीवर आणू नये. सगळ्या गावाची ढोरं नदीच्या एकाच घाटावर पाणी प्यायची, त्यामुळे नियम चोख होता.

गावात शिरायच्या आधी नाला लागतो. बाबा त्याच्या पलीकडच्या काठावर उभे होते. मामांकडचं त्यांच्या कानावर आलं होतं. मी पाण्यात पाय घालणार तोच म्हणाले, "तिथंच थांब. तू मामाच्या गोठ्यात गेलती काय?"

"गेलती."

"मग घरी नोको येऊ, पोरी. वापस जाय वर्ध्याले."

माय मागे उभी होती. तिनं भाकरीचं फडकं मधल्या दगडावर ठेवलं आणि मागे सरली. ती काठावर गेल्यावर मी ते उचललं. मला बाबांचा राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण आमच्याकडे बैलजोडी एकच, आणि गहू-हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली. बैल बसले असते तर बाबांना गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या दारात जोडी मागायला जावं लागलं असतं. धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीनं गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. मालगुजारानं ते कधी गिळलं नव्हतं, आणि बाबांनी त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. त्यासाठी मी दिवाळीत मायच्या जवळही न जाता परत फिरले.

फाट्यावर एसटीची वाट बघत बसले. तिथून नदीचा घाट समोर, हाकेच्या अंतरावर दिसतो. घाटावर मालगुजाराचा जावई आणि त्याचे शहरातले दोस्त जीप उभी करून रोडग्यांची पार्टी करत होते. रोडगे भाजायच्या गोवऱ्यांचा धूर चालला होता. जावयानं बाजारातून नवी कोरी बैलजोडी आणली होती आणि ढोरं पाजायला आलेल्या गावकऱ्यांसमोर गडी ती पाण्यात घालून धूत होता. एका बैलाच्या तोंडातून लाळ लोंबत होती. तसली लाळ मी आदल्याच दिवशी पुसली होती.

दवंडी देणारा कोतवाल फाट्यावरच्या झाडाखाली बिडी ओढत होता. मी म्हटलं, "काका, त्या बैलाले लाळ गळून राह्यली. तुमीच त दवंडी देल्ली."

"जावईबापू हायेत ते," तो म्हणाला. "त्याईले कोन बोलनार?"

"मंग मले काऊन वापस पाठवलं?"

त्यानं बिडी विझवली. पाय धुवायची बादली त्याच्याच शेजारी होती, भरलेली, कोणी हात न लावलेली. तेवढ्यात एसटी आली.

थोड्याच दिवसांत गावात तोंडखुरी पसरली. पाटलांची, तेल्यांची, सगळ्यांची ढोरं आजारी पडली. आमचा एक बैल उठेना. आणि गावात एकच बोलणं, रोग वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरीनं आणला, मामाच्या गावाहून. नाल्याच्या पलीकडून. जावयाची जोडी कोणाच्या तोंडी आली नाही. इतकी सगळी माणसं घाटावर होती, एकाचीही जीभ हलली नाही. त्या गावाची ही शिस्त मला अजून झोंबते.

उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा रोग कधीच सरला होता. तरी बाबा नाल्याशी फिनाइलच्या पाण्याची बादली घेऊन उभे होते. काठावर पाचपंचवीस माणसं बघत होती.

"पाय टाक यात."

"आता कायले, बाबा? रोग त गेला."

"बैलाईसाठी नाई. लोकाईसाठी."

मी पाय बुडवले. टाचेच्या भेगा चरचरल्या. बाबा खाली बसून माझ्या चपला धुऊ लागले, मान वर न करता. मग फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "गव्हाच्या पेरनीले जोडी मागाले गेलतो मालगुजाराच्या दारात. तो म्हने, आधी सांग, रोग कोनं आनला."

मी बादलीतून पाय बाहेर काढले.

"जावई बाजूलेच बसला होता," बाबा म्हणाले. "मी तुयं नाव घेतलं. मंग जोडी देल्ली त्यानं."