दुप्पट दोरी

आमच्या विभागात स्पेक्ट्रोमीटर बनवायचं काम आम्हा दोघींवर होतं. क्ष-किरण पडले की मातीतलं लोह स्वतःचे क्ष-किरण सोडतं. ते वाकवलेल्या सिलिकॉनच्या पट्टीने निवडून डिटेक्टरवर पाडायचे, असं ते यंत्र. आराखडा माझा होता. पण चाचणीसाठी इंदूरच्या संशोधन केंद्रात एकीनेच जायचं होतं, आणि सर कुणाला पाठवणार ते ठरलं नव्हतं. मला जायचं होतं.

माझी जोडीदारीण जवळच्याच लासुर्ण्याची, मराठी शाळेतून आलेली. पट्टी ज्यावर दाबून बसवायची तो ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घ्यायला आम्ही जळोचीला, उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून बघितला.

"समदं इंग्रजीच हाय की. ह्या मॅडम बोलत न्हाईत व्हय?"

"बोलत्यात की तात्या. आधी मनात भाषांतर करत्यात, मग बोलत्यात."

दोघं हसली. मीही हसले. तिला ते 'पोरी' म्हणत होते.

तिने खडू आणि दोरी मागितली, खिळा रोवला आणि फरशीवर वर्तुळ काढलं. "माती हितं, पट्टी हितं, डिटेक्टर तितं." मला तासाभरात सांगता आलं नसतं ते त्यांना पाच मिनिटांत कळलं. त्याच रेघेवर पत्रा धरून मिस्त्रींनी ठोकळ्याच्या वाकाचा फर्मा कापला.

तिथेच चुकलं. तिन्ही गोष्टी त्या वर्तुळावर बसतात हे खरं, पण पट्टीचा वाक दुप्पट लांब दोरीने काढावा लागतो. कागदावर तसा आकडा होता. मला चूक दिसली. मी चहा पीत राहिले.

चार दिवसांनी ठोकळा आला, आरशासारखा लखलखीत. सर बघायला उभे होते. तिने हातमोजे घालून आमच्याकडची एकुलती एक पट्टी उचलली. इतक्या खोल वाकात ती तडकणारच होती. मला हे आत्ताच कसं कळलं, याची वाक्यं मी जुळवत होते.

"थांब," मी म्हटलं. "वाक चुकलाय."

तिने कागद पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "सर, हिनं वाचवलं बघा. इंदूरला हिलाच पाठवा."

सरांनी मान डोलावली. मला लाज वाटायला हवी होती. आधी तिचाच राग आला. इतकं सहज मला कधीच देता आलं नसतं.

नवा ठोकळा आणायला ती एकटी गेली. आल्यावर म्हणाली, "तात्या म्हणत होते, त्या पोरीची नजर लई बारीक हाय."

मी 'थँक्स' म्हटलं. त्या चार दिवसांबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.