शालनच्या घरातली बजरीची जोडी

शालनला पक्षी पाळायचाय, हे तिनं मला जिन्यात सांगितलं तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढलं. गुडघे दुखतात म्हणून जी बाई भाजीलासुद्धा रोज खाली उतरत नाही, ती पिंजरा धुणार कधी आणि दाणे आणणार कधी? ती एवढंच म्हणाली, "चांगुणाताई, घरात बोलायला कोण नाय गं." त्यावर मीच म्हटलं, चल, मी येते बरोबर. आणि मी माझं म्हणणं इतक्या लवकर सहसा सोडत नाही.

अंबरनाथ पश्चिमेला आमची जुनी सोसायटी आहे. मी तळमजल्यावर पुढच्या अंगाला, ती तिसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला. शालन मूळची बदलापूरजवळच्या चामटोलीची. लग्न होऊन इथे आली आणि उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत धागे कापण्यात तिचं आयुष्य गेलं. तिथे मशिनींच्या घरघरीत बायका एकमेकींशी ओरडून बोलायच्या, आणि घरी आलं की नवरा, शंकरभाऊ. पेपरातली प्रत्येक बातमी ते शालनला मोठ्यानं वाचून दाखवत आणि वर त्यावर आपलं मतही देत. आमटीत मीठ कमी पडलं तर त्यावरही त्यांचं मत असे. शालन भाकरी थापता थापता "हं, हं" करायची. आम्ही बायका तिची टिंगल करायचो, की तुझ्या नवऱ्याला सभेला उभं कर, चहापाण्याचा तरी खर्च सुटेल. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले आणि त्या घरातला आवाज बंद पडला.

राजरत्न, तिचा एकुलता एक मुलगा, तिला लगेच खारघरला आपल्या घरी घेऊन गेला. मुलगा चांगला आणि सून यशोधरा त्याहून चांगली. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, मला सहसा कोणाच्या सुना पटत नाहीत. शालनला स्वतंत्र खोली दिली, खोलीत टीव्ही दिला, गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं. तरी दोन महिन्यांत बाई बॅग घेऊन परत. का गं, म्हणून विचारलं तर म्हणे तिकडचं पाणी मानवत नाही. मी म्हटलं, अख्खं खारघर ते पाणी पितंय, तुलाच काय धाड भरली? ती हसली आणि तिनं विषय बदलला. राजरत्न दर रविवारी फोन करून परत ये म्हणायचा आणि ही बघू म्हणायची. तिथे तिला जायचं नव्हतं आणि इथे तिला करमत नव्हतं. दिवस दिवस तोंड उघडायची वेळ येत नाही, दूधवाल्याला हाक मारायला गेलं की घसा खरवडतो, असं ती मला सांगायची.

तर आम्ही रिक्षा करून उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे गल्लीत सोनिया नावाच्या सिंधी बाईचं पक्ष्यांचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं आणि असा कलकलाट कानांवर आला की मी मागच्या मागे फिरणार होते. शालनचा चेहरा मात्र कारखान्याच्या दारात उभी असल्यासारखा खुलला.

तिला हवा होता पोपट, हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात पट्टा असलेला. चामटोलीला शेजाऱ्यांच्या ओसरीवर तसला एक होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोण हाय?" विचारायचा.

"आंटी, तो नाव पण नका घेऊ," सोनिया म्हणाली. "देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. मी ठेवतच नाही. हे बघा, बाहरवाले. छोटे छोटे तोतेच आहेत सगळे."

मग तिनं एकेक पिंजरा दाखवला. लव्हबर्ड दिसायला गुबगुबीत आणि देखणे, पण शालननं जाळीपाशी बोट नेलं तसा एक असा अंगावर आला की बोट वाचलं हेच नशीब. शिवाय त्यांची किंचाळी. "बिल्डिंग में झगडा होगा," सोनियानं स्वतःच सांगून टाकलं. दुसऱ्या पिंजऱ्यात कॉकटेल, हे पक्ष्याचंच नाव. राखाडी अंग, गालावर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. त्यानं मान वाकडी करून शालनकडे पाहिलं आणि शीळ घातली. शालन तिथेच पाघळली. मीही थोडी पाघळले, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात शालनला खोकल्याची उबळ आली, आणि सोनियानं तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

"दमा आहे का आंटी?"

"दमा नाय. जीन्सच्या कपड्याची धूळ खाल्लीय इतकी वर्षं."

"मग कॉकटेल नको. ह्याच्या पंखातून पावडर उडतो, बारीक. घरभर होतो. बजरी घ्या. तिचा कमी असतो."

बजरी म्हणजे चिमणीपेक्षा थोडे मोठे, लांब शेपटीचे पोपट. हिरवे, निळे, पिवळे. दिवसभर त्यांची बारीक किलबिल चालू असते, पण कान किटत नाहीत. सोनियानं नाकावर निळसर झाक असलेला एक कोवळा हिरवा नर काढून दाखवला. हा शिकवला तर बोलेल, म्हणाली. "फक्त एक घ्या. एकटा असला ना, तर तुम्हालाच आपला समजेल, तुमच्याशीच बोलेल. जोडी घेतली तर दोघं आपस में लगे रहेंगे, तुमच्याकडे बघणार पण नाहीत."

आता दुकानदारीण असून ती एकच घ्या म्हणतेय म्हटल्यावर ऐकावं की नाही माणसानं? पण शालनचं तोंड उतरलं. "एकटा ठेवू त्याला? रात्रंदिवस?" ती म्हणाली. "नाय बाबा. मी एकटी राहतेय, मला माहीताय ते काय असतं. मुक्या जिवाला कशाला तो भोग?" सोनियानं समजावलं, मी समजावलं, रिक्षात बसेपर्यंत समजावलं. शेवटी मांडीवर पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन. तो हिरवा आणि एक निळी मादी.

सोनिया म्हणाली होती तस्संच झालं. त्या दोघांनी शालनच्या घरात संसार थाटला. एकमेकांच्या मानेवरची पिसं विंचरायची, तो तिला चोचीनं भरवायचा, ती डोळे मिटून बसायची. शालन सकाळी उठून त्यांच्याशी बोलायची, "काय रे, झोप झाली का, आज काय खाणार?" आणि ते तिच्याकडे पाठ करून एकमेकांच्या कानात कुचकुच करत राहायचे. ती जवळ गेली की दोघं सरकून दुसऱ्या टोकाला. मी वर गेले की त्या दोघांना चांगलं फैलावर घ्यायचे, की हरामखोरांनो, दाणा कोण घालतंय त्याची तरी लाज ठेवा. राजरत्न फोनवर विचारायचा, "आई, पक्षी बोलायला लागले का?" आणि ही बाई म्हणायची, "हो हो, मस्त बोलतात." खोटं नव्हतं ते. फक्त कोणाशी बोलतात, ते ती सांगत नव्हती.

एका दुपारी आम्ही दोघी चहा पीत पिंजऱ्याकडे बघत बसलो होतो. शालननं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, खारघरला पण असंच होतं गं."

"कसं?"

"संध्याकाळी दोघं ऑफिसातून यायचे. जेवताना दोघांचं बोलणं. ऑफिसचं, लोनचं, कुणाच्या लग्नाचं. वाईट कोण नाय त्यांच्यात. मला वाढायचे, औषध घेतलं का विचारायचे. पण तोंड एकमेकांकडे. मी बाजूला बसून ऐकायची. इथे एकटीला एकटं वाटतं, तिथे दोघांत बसून एकटं वाटायचं. मग म्हटलं इथलं बरं."

म्हणजे पाणीबिणी सगळं झूट होतं. एवढे महिने ही बाई हे पोटात घेऊन बसली होती आणि मला, जी सोसायटीतल्या मांजरांच्याही भानगडी ओळखते, तिला पत्ता नव्हता. मला तिचा राग आला, आणि तरी मी तिच्या कपात माझा अर्धा चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी शालननंच ठरवलं. जोडी फोडायची. सोनियाला फोन लावला तर ती म्हणाली, करून बघा, पण एकमेकांचा आवाज कानावर पडता कामा नये. म्हणून निळी दुसऱ्या पिंजऱ्यात माझ्याकडे आली, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत. आमचे हिंदुराव टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतात की तिथे कोणाचाच आवाज कोणाला ऐकू येत नाही, आमचा संसार त्यावरच टिकला आहे.

निळीनं पहिले दिवस माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दाणे टिपायची आणि गप्प बसायची. वर हिरवा मात्र हाका मारत होता. शालन सांगायची, पिंजऱ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो, जाळीला लटकतो, दाराकडे तोंड करून ओरडतो. मग तोही गप्प झाला. आणि मग एका सकाळी शालन जिना उतरून खाली आली, गुडघे विसरून, आणि म्हणाली, "बोटावर बसला."

राळ्याचं कणीस हातात धरून ती पिंजऱ्यात हात घालून बसली होती आणि तो आला. आधी कणसावर, मग मनगटावर, मग बोटावर. पुढे तर ती स्वयंपाकघरात गेली की हाका मारायचा, खांद्यावर बसून तिच्या कानापाशी कुचकुच करायचा, तिचे पांढरे केस चोचीनं विंचरायचा. मी वर जाऊन डोळ्यांनी बघितलं. शालन त्याला सगळं सांगत होती, विहारात पौर्णिमेला कोण आलं होतं, खिरीत साखर किती पडली होती. आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, झालं, सुटलीस. मला खरंच फार आनंद झाला.

आठवडाही झाला नसेल, ती रिकाम्या हातांनी माझ्या दारात उभी. म्हणाली, निळीला दे.

"का गं? आता तर कुठे माणसाळलाय."

ती आत येऊन बसली. हिंदुरावांनी टीव्ही बंद केला, यावरून तिचा चेहरा कसा झाला असेल ते समजा. ती म्हणाली, "ताई, तो माझ्या मानेवरचे केस विंचरत होता ना, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हे तो तिचं करायचा. तिची जागा रिकामी झाली म्हणून मला घेतलं त्यानं. आमचे हे गेल्यावर माझं जे झालं, ते मी याचं हातानं केलं. मरण आलं असतं तर गोष्ट वेगळी. ही तर तीन मजले खाली जिवंत बसलीय."

मी खूप समजावलं. पक्ष्यांना इतकं कळत नसतं म्हटलं. तुझंही काही आहे की नाही, म्हटलं. ती म्हणाली, "आहे ना. म्हणून तर इतके दिवस ठेवला." मग मीच पिंजरा उचलून तिच्यामागून जिना चढले. निळीला आत सोडलं तशी ती दोघं काही क्षण नुसती बघत राहिली, आणि मग असा गोंधळ घातला की शालनला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. हिरवा त्यानंतर तिच्या बोटावर आला नाही.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते, आणि फोन स्पीकरवर होता. राजरत्ननं नेहमीप्रमाणे विचारलं, पक्षी बोलतात का. शालन म्हणाली, "बोलतात. एकमेकांशी. माझ्याशी नाय." आणि मग, मला वाटतं एकदा तोंड उघडलं म्हणून, पुढचंही बोलून गेली. "तुमच्याकडे पण तसंच व्हायचं बाळा. म्हणून मी आली निघून. पाण्याचं खोटं बोलली मी." मग तो म्हणाला, "आई, तू कधी सांगितलं नाहीस." शालन म्हणाली, "काय सांगू? नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, ही काय तक्रार करायची गोष्ट आहे?" फोन ठेवल्यावर ती घाबरली. सुनेला राग येईल, मुलगा दुखावला असेल, उगाच बोलले, असं घोकत बसली. मी तिला चहा करून दिला आणि बरं केलंस म्हटलं, पण मनातून मीही धास्तावलेच होते.

पुढच्या शनिवारी दुपारी माझ्या खिडकीसमोर रिक्षा थांबली. यशोधरा उतरली. एकटी. हातात आंब्यांची पिशवी. राजरत्न कुठाय म्हणून मी विचारलं, कारण ती दोघं कधी वेगवेगळी आलेली मला आठवत नव्हती.

"घरीच ठेवून आले त्यांना," ती म्हणाली. "दोघं आलो असतो तर परत आपसातच बोलत बसलो असतो. संध्याकाळी जाईन. पुढच्या आठवड्यात ते येतील, एकटे."

ती वर गेली. मी अर्धा तास कळ काढली, मग काही तरी निमित्त हवं म्हणून वाटीभर लोणचं घेऊन जिना चढले. दार उघडंच होतं. यशोधरा शालनसमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती, पिंजऱ्याकडे पाठ करून. शालन बोलत होती. चामटोलीचं, कारखान्याचं, शंकरभाऊंनी लग्नाआधी बघायला आल्यावर काय बडबड केली त्याचं. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. घोगऱ्या आवाजात, मध्ये खोकत, हातवारे करत ती बोलत होती, आणि सून मध्येच विचारत होती, "मग? मग आई?"

मी दारात उभी राहिले तशी शालननं मान वर केली. "ताई, आता नको," ती म्हणाली, "उद्या ये. सून आलीय माझी." एरवी मला असं कोणी दारातून परत पाठवलं असतं तर महिनाभर बोलले नसते. मी लोणच्याची वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि खाली आले, आणि हिंदुरावांनी काय झालं विचारलं तर डोळे पुसत त्यांना म्हटलं, काही नाही, हाकलून दिलं मला.