साऱ्या औरंगपुऱ्याचा एक पुडा

साखर भरपूर मिळत होती तेव्हाची एकही गोष्ट मला आठवत नाही. चहात साखर टाकली, ढवळली, प्यालो आणि उठलो. यात सांगण्यासारखं काय असतं? मग लढाई सुरू झाली, साखर रेशनवर आली आणि बघता बघता रेशनच्या दुकानातूनही दिसेनाशी झाली. ती गेली तसे आमच्या टेबलावर किस्से साठायला लागले. डबे रिकामे आणि गप्पा भरलेल्या, असे ते दिवस होते.

टेबल म्हणजे औरंगपुऱ्यातल्या गफूरभाईंच्या हॉटेलातलं, खिडकीजवळचं. मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की मी तिथं, अदालतीतले कारकून पंढरीनाथ तिथं, आणि गल्ला सोडून गफूरभाईही तिथंच. निजामाचं राज्य असल्यामुळं बोलणं उर्दूत सुरू व्हायचं, भांडण मराठीत व्हायचं आणि समेट दखनीत.

माझ्या घरात त्या दिवसांत एकच घोर होता, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या लग्नाचा. वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो आत्याचा. लासूर स्टेशनचं एक स्थळ अगदी जुळत आलं होतं. मुलगा कुसुमच्या मनात भरला होता. तिनं तसं कधी सांगितलं नाही, पण लासूरचं नाव निघालं की तिची तव्यावरची पोळी करपायची. आता सगळं अडलं होतं ते साखरेवर! ते कसं, ते सांगतोच. आधी चहा.

*

साखर संपली तेव्हा गफूरभाईंनी मोठ्या हिमतीनं गुळाचा चहा केला. नेहमीसारखं दूध, पाणी, पत्ती सगळं एकत्र उकळलं आणि वरून गुळाचा खडा सोडला. दूध फाटलं. दुसरं आधण ठेवलं, तेही फाटलं. पंढरीनाथांनी कपात डोकावून विचारलं की हे प्यायचं की भाकरीबरोबर खायचं?

गफूरभाई दुखावले. म्हणाले, "दूध बी मेरा, गुड बी मेरा. दोनोंकी आपसमें बनती नै, तो मैं क्या करूं?"

त्यानंतर हॉटेलात नवा रिवाज पडला. चहा बिनसाखरेचा मिळायचा आणि ज्यानं त्यानं आपली साखर खिशातून आणायची. भलीभली माणसं कागदाची इवलीशी पुडी काढायची, आडोसा करून चिमूट कपात सोडायची आणि पुडी परत आतल्या खिशात. पंढरीनाथ तर साखर घालताना भिंतीकडे तोंड करून बसत. आम्ही त्याला त्यांची नमाजाची वेळ म्हणायचो.

*

याच खिशानं पंढरीनाथांना एकदा भर अदालतीत गाठलं.

त्या दिवशी नेमका साखर दडवल्याचाच मुकदमा होता. एका व्यापाऱ्यानं कोठारात पोती लपवली होती म्हणे. पंढरीनाथ शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून मुन्सिफसाहेबांपुढं कागद वाचत होते. शहरात साखरेचा दाणा उरलेला नाही, गोरगरीब हवालदिल झाले आहेत, असं वाचता वाचता त्यांचा आवाजही भरून आला होता. तेवढ्यात कागदावर एक मुंगी आली. तिच्यामागून दुसरी आली. मग रांगच लागली.

मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रांग कागदावरून बाहीवर, बाहीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून छातीच्या खिशापर्यंत त्यांनी शांतपणे नजरेनं माघारी नेली. मग म्हणाले, "मुन्शीजी, या गवाहांना बाहेर बसवा. आत्ता यांची गरज नाही."

*

गफूरभाईंचे एक मेहुणे हैदराबादेत औषधांच्या दुकानात होते. त्यांनी सॅकरीनची बाटली पाठवली. पांढऱ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या गोळ्या. निरोप असा होता की एका कपाला एक गोळी पुरे, साखरेची आठवणसुद्धा येणार नाही.

गफूरभाईंनी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळली. एवढ्याशा गोळीनं कप गोड होतो, हे त्यांना पटेना. मेहुणे लहानपणापासूनच चिकट, असं म्हणून त्यांनी साखर टाकायचे त्याच हातानं ओंजळभर गोळ्या किटलीत ओतल्या.

मी एक घोट घेतला आणि जीभ कुठं गेली ते मला कळेना. गोड होता होता तो चहा पलीकडच्या बाजूनं कडू झाला होता. लोक दाराबाहेर जाऊन चुळा भरायला लागले. एकटे पंढरीनाथ जागचे हलले नाहीत. त्यांनी कपावर बशी झाकली, वर रुमाल बांधला आणि कप सांभाळत घरी नेला. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं तेव्हा समाधानानं म्हणाले, "घरात खीर केली. अजून अर्धा कप शिल्लक आहे."

*

मग आला मध. दौलताबादच्या डोंगराकडून दगडूबा नावाचा धनगर हॉटेलाला दूध घालायला यायचा. त्यानं एकदा गाडगंभर मध आणला. मला वाटलं, साखरपुड्याला मध चालत असेल तर कुसुमचं काम झालं. पण मध खरा की काकवी मिसळलेला, हे ठरवायचं कोणी? पंढरीनाथ म्हणाले, त्याला पुरावा असतो. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही.

हॉटेलासमोर एक कुत्रं कायम पडलेलं असायचं. त्याच्यापुढं पानावर मध ठेवला. कुत्र्यानं मध चाटला, पान चाटलं, पानाखालची फरशी चाटली आणि दगडूबाचा हातही चाटायला लागलं. सगळे दगडूबाकडे बघायला लागले. पंढरीनाथांनी तर निकाल दिल्यासारखी मान हलवली.

दगडूबानं घोंगडी खांद्यावर नीट केली. "मध खराच हाय, मास्तर," तो म्हणाला. "कुत्रं औरंगपुऱ्याचं हाय. त्यानं गोड खाऊन किती दिस झालं, त्ये त्यालाच इचारा."

मध आम्ही घेतला. आत्यानं मात्र तो साखरपुड्याला चालणार नाही म्हणून सांगितलं आणि खोकल्यासाठी फडताळात ठेवून दिला.

*

आता पुड्याची गोष्ट. आमच्याकडे लग्न ठरलं की मुलाकडची माणसं मुलीच्या पदरात साखरेचा पुडा घालतात, आणि मग ते ठरलं असं म्हणायचं. मुसलमानांच्या घरीही मंगनीला साखर लागतेच. आता साखरच नाही म्हटल्यावर शहरातली लग्नं ठरायची कशी?

पहिली अडचण पंढरीनाथांना आली, थोरल्या मुलाच्या वेळी. तेव्हा हॉटेलातल्या साऱ्यांनी आपापल्या खिशातल्या पुड्या रिकाम्या केल्या. गफूरभाईंनी ती साखर गुलाबी कागदात बांधली, वर लाल दोरा गुंडाळला आणि छान शंकूसारखा पुडा केला. पंढरीनाथांचे व्याही समजूतदार निघाले. साखरपुडा झाल्यावर त्यांनी पुडा तसाच परत केला. म्हणाले, राहू द्या, आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

तेव्हापासून तो पुडा शहरभर फिरायला लागला. आज गुलमंडीत साखरपुडा, परवा शहागंजात मंगनी. टांग्यात मांडीवर बसून जायचा, सनईबरोबर आत शिरायचा आणि काम झालं की गफूरभाईंच्या काचेच्या कपाटात परत. अट एकच होती, दोरा सोडायचा नाही. ज्याच्या त्याच्या घरी तो पदरात पडायचा, कपाळाला लागायचा, आणि न उघडता माघारी यायचा.

सुरुवातीला मुंग्या फार त्रास द्यायच्या. गफूरभाईंनी कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. पुढं पुढं वाट्या कोरड्या पडल्या, तरी मुंगी फिरकेना. गफूरभाई अभिमानानं सांगायचे, "मेरे हॉटेलकी मुंग्यांना बी शरम है, मास्तर. गरीबाच्या शादीची शक्कर है, हे त्यांना समजतं."

*

त्या वर्षीची ईदही आठवते. गावात साखर नाही, त्यामुळं शीरखुर्मा कसला मिळणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गफूरभाईंच्या घरी वाटी तोंडाला लावली आणि पंढरीनाथांनी डोळेच मिटले. इतका गोड शीरखुर्मा साखर मिळत होती तेव्हाही कधी खाल्ला नव्हता.

पडद्याआडून भाभींनी सांगितलं की सगळी खजुराची करामत आहे. गफूरभाई दुसरीकडे बघत होते. ते एकाएकी हवापाण्याचं बोलायला लागले.

दिवाळीत पंढरीनाथांच्या घरचे शंकरपाळेही असेच गोड होते. त्यांनी सांगितलं की पीठच चांगलं मिळालं.

*

आता लासूरचं. मुलाचे वडील माणिकराव, लासूर स्टेशनला गुळाचे अडते. माणूस मोकळा. पहिल्याच बैठकीत त्यांनी आत्यापुढं हात जोडले. म्हणाले, साखर माझ्याकडं नाही, पण गूळ म्हणाल तेवढा घालतो. मुलगी म्हणाल तर गुळात तोलून नेतो.

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "चहात गूळ चालंल," ती म्हणाली, "पोरीच्या पदरात नाय चालायचा. साखरपुड्याला साखर नसंल तर लोक म्हणतील, बापाविना पोर व्हती, गुळाच्या खड्यावर दिली."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज बदलला. माणिकराव पान न खाता उठले. आतल्या दारात कुसुम उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती तिथून गेली आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला बसली.

मी हॉटेलात आलो आणि सगळं सांगितलं. गफूरभाई आणि पंढरीनाथ एकमेकांकडे बघत राहिले. कपाटात पुडा होता, तरी दोघंही बोलेनात, याचं मला नवल वाटलं. शेवटी मीच म्हणालो की पुडा गुपचूप माणिकरावांना पोचवू, ते आपला म्हणून आणतील, आत्याला कळायचं कारण नाही. पंढरीनाथ चाचरत म्हणाले, "पण आत्याबाई तो उघडणार नाहीत ना?"

"पुडा कोणी उघडतं का?" मी म्हणालो.

*

साखरपुड्याला घर भरलं होतं. माणिकरावांनी रेशमी रुमालातून पुडा काढला आणि कुसुमच्या सासूनं तो तिच्या पदरात घातला. गुलाबी कागद थोडा विटला होता, पण दोरा नवाकोरा होता. गफूरभाई दाराशी बसले होते. मला हायसं वाटलं. आता पुडा देवापुढं ठेवायचा आणि संध्याकाळी हळूच परत न्यायचा.

तेवढ्यात आत्या पुढं सरकली. "पोरीचं तोंड तरी गोड करू," म्हणाली, आणि तिनं दोरा ओढला.

पंढरीनाथांनी माझा दंड धरला. कागद उलगडला. आत पांढरंशुभ्र, बारीक असं काहीतरी होतं. आत्यानं चिमूट घेऊन कुसुमच्या तोंडात घातली. कुसुमचे डोळे एकदम पाण्यानं भरले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासरी जाणारी पोर, डोळे भरायचेच.

"कशी हाय गं?" आत्यानं विचारलं.

कुसुमनं आवंढा गिळला. समोर बसलेल्या मुलाकडे एकदा बघितलं. "गोड हाय, आत्या," ती म्हणाली.

मग तिनंच वाकून सासूच्या हातावर चिमूट ठेवली. सासूबाईंनी ती तोंडात टाकली, जरा थांबल्या, कुसुमकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "व्हय की. लई गोड हाय." त्यांनी कागद माणिकरावांपुढं केला. माणिकरावांचा जन्म गोडाच्या बाजारात गेलेला. त्यांनी चिमूट खाल्ली, मिशी पुसली आणि अशी साखर लासूरला मिळत नाही म्हणाले. पंढरीनाथांनी डोळे मिटून खाल्ली. कागद माझ्याकडे आला.

मीठ होतं. बारीक कुटलेलं, वस्त्रगाळ केलेलं, निव्वळ मीठ.

"गोड आहे," मी म्हणालो.

कागद दारापर्यंत गेला. गफूरभाईंनी मान खाली घालून चिमूट घेतली आणि कसंबसं 'माशाअल्ला' म्हणाले. साऱ्या बैठकीनं खाल्लं. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. तांब्या मात्र भराभर फिरत होता.

शेवटी कागद आत्याकडे परत आला. तिनंही चिमूट तोंडात टाकली. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. कुसुमनं पदर मुठीत घट्ट धरला होता. आत्या सावकाश पाणी प्याली. मग तिनं कागद जुन्याच घड्यांवर मिटला, दोरा होता तसा गुंडाळला, गाठ मारली, आणि दाराशी जाऊन पुडा गफूरभाईंच्या हातात दिला.

"न्या हा," ती म्हणाली. "उद्या बेगमपुऱ्यात लागायचा हाय न्हवं?"